ह्यांच्या कोहळ्याचं बी

वारासिवनीच्या ताई-दादांनो, आज सकाळी छपरावरचं कोहळं उतरवलं. यंदा वेलाले एकच लागलं होतं. वेल माह्या नवऱ्यानं लावला होता. भर पावसाळ्यात हे गेले.

आमच्याकडं अख्ख्या कोहळ्याले पयला घाव माणसानंच घालायचा, बाईनं नाही. सासूबाई म्हणाल्या, "शेजारच्या भाऊजीले बोलाव." भाऊजी आले, विळ्यानं दोन फाकी केल्या आणि गेले. बाकीचं मी चिरलं, भाजी टाकली. रडू नाही आलं.

जेवताना सासूबाईनं विचारलं, "पुढच्या सालासाठी बी राखेत घातलं का वो?"

मी मधला मऊ गर बियांसकट गायीले टाकला होता. बी दरवर्षी हेच काढत, माह्या ध्यानातच नाही आलं. सासूबाईच्या सासूपासून चालत आलेलं बी होतं. त्या जेवत राह्यल्या. मीबी जेवली, ताटं घासली.

हे दरसाली लोकाईले बी वाटत, कागदाच्या पुडीत, वर ज्याचं त्याचं नाव लिहून. तुमच्यापैकी कोणाजवळ असल का? मले चार दाणे पुरतील.

दाणे संपले असतील तर पुडी तरी द्या. अक्षर ह्यांचं आहे.