रोज सकाळी मीटर शून्यावर

माझ्या मोटारसायकलच्या मीटरला दुसऱ्या माणसानं हात लावावा, याचा राग माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही. मोटारसायकल सरकारची होती, ठीक आहे. पण बंद पडली की ढकलायचं कोणी? मीच न!

राज्य नवं झालं अन् नागपूरचं आमचं ऑफिस फायलींसकट, टेबलांसकट, माझ्यासकट भोपाळला आणून टाकलं. मी डाक पोचवणारा. सायडकार लावलेली मोटारसायकल, तिच्यातून कागदांचे गठ्ठे इकडून तिकडं न्यायचे. पेट्रोल किती उरलं ते सांगणारा काटा त्या गाडीला नव्हता. पण मोठ्या मीटरच्या पोटात एक लहान मीटर होता, ट्रिप मीटर. खालची घुंडी फिरवली की तो शून्यावर यायचा. माझी रीत सोपी. टाकी भरली की घुंडी फिरवायची, अन् आकडा शंभर मैलांना टेकला की पंपावर जायचं. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, पण शंभर मला कळतं.

भोपाळात आमच्या डोक्यावर बडेबाबू आले ते ग्वाल्हेरचे. बोलायचे मराठीच, पण दर शब्दागणिक उपकार केल्यासारखे. पहिल्याच सकाळी बाहेर आले, वाकले अन् घुंडी फिरवून माझा मीटर शून्यावर!

"बडेबाबू, हे काय करता जी?"

"दिवसभरात गाडी किती फिरली ते संध्याकाळी पाहणार. सरकारी पेट्रोलवर तलावाची हवा खाणारे पुष्कळ पाहिलेत मी."

"मग पेट्रोल किती जळलं ते मला कसं कळायचं?"

"रोजचा आकडा मनात मिळवत जा. आमच्या ग्वाल्हेरीस असंच चालत असे."

"पण आमच्या नागपुरात..."

"नागपूर राहिलं नागपुरात. आता इथलं बघ."

मनात मिळवत जा म्हणे! मला मिळवता आलं असतं तर मी मोटारसायकल चालवली असती? मीच बडेबाबू झालो असतो अन् दुसऱ्यांच्या घुंड्या फिरवल्या असत्या. कालचा आकडा आज डोक्यात राहत नव्हता. आजचा राहिला तर परवाचा पळून जायचा. अन् सकाळ झाली की बडेबाबू हजर. देवाला फूल वाहावं तसे नेमानं वाकायचे.

त्यात बायको यायची होती. ती नागपूर सोडायला तयारच नव्हती. "तिथं आपलं कोण आहे?" हे एकच पालुपद. शेवटी भावाकडून निरोप धाडला की येते, पण स्टेशनावर तुम्ही दिसला नाहीत तर पुढच्या गाडीनं परत. अन् ती बोलली म्हणजे करणार, याची मला पूर्ण खात्री होती.

नागपूरची डाकही त्याच गाडीनं यायची, म्हणून मी अगदी हक्कानं निघालो. मीटर म्हणत होता, तीन मैल. तीन मैलांत कुणाचं पेट्रोल संपतं? चढावर गाडीनं दोन उचक्या दिल्या अन् गप्प. टाकी हलवली तर आत नुसता वारा. राखीव पेट्रोलची तोटी होती, पण ती मी कधीची उघडून ठेवलेली अन् बंद करायची विसरलेलो. म्हणजे राखीव पेट्रोलही मीच पिऊन बसलो होतो.

ढकलायला लागलो. टांगेवाला बाजूनं जाताना म्हणतो, "क्यों खाँ, घोड़ी रोज़े से है क्या?" माझ्या अंगाची आग आग झाली.

स्टेशनावर पोचलो तेव्हा गाडी कधीच निघून गेलेली. फलाटावर बायको ट्रंकेवर बसलेली. माझ्याकडं बघितलंही नाही.

"नागपूरची गाडी संध्याकाळी आहे. विचारून ठेवलंय मी."

मी धापा टाकत बडेबाबूंचं सगळं रामायण ऐकवलं. घुंडी, ग्वाल्हेर, शून्य, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, त्या टाकीला झाकण नाही का?"

"आहे न."

"मग उघडून आत बघता येत नव्हतं?"

नागपूर झालं, ग्वाल्हेर झालं, एवढं भांडण झालं, पण झाकण कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बडेबाबूंच्याही नाही, हे मी तिला लगेच सांगितलं.

"ट्रंक कुठं ठेवायची?" ती म्हणाली.

"अन् संध्याकाळची गाडी?"

"तुम्हाला असं एकटं सोडून जाऊ? उद्या सदऱ्याचं बटण कुठल्या काजात घालायचं तेही बडेबाबूंना विचाराल."

डाकेचा थैला अन् ट्रंक सायडकारमध्ये घातली. मी हँडल धरलं, ती मागून ढकलायला लागली. ती राहिली, म्हणजे मी खूश व्हायला पाहिजे होतं. झालोही. पण पंपापर्यंतचा सगळा रस्ता मी बडेबाबूंना शिव्या घालत होतो, अन् मागून तिचा आवाज येत होता, "तोंड कमी, जोर जास्त!"