फळ्यावरची बैठक

मी चौथी शिकलेला, पण झाशीतल्या आमच्या मराठी संगीत मंडळाचा फळा दुसऱ्या कोणाला लिहू देत नाही. गाणं असलं की ‘बैठक’ लिहायचं, ही इथली जुनी रीत. ते वाचून जवळच्या लक्ष्मी ताल या तळ्याकडचा एक म्हातारा दर वेळी यायचा. डोळे मिटून, पाण्यात सोडल्यासारखी बोटं हलवत बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही.

परवा मंडळ बंद करायची सभा होती. झाशीत सभेलाही बैठकच म्हणतात, म्हणून मी तेच लिहिलं. म्हातारा आला, डोळे मिटून बसला.

सेक्रेटरी म्हणाले, “बाबा, आज गाना नहीं है.”

“हमें का जल्दी, भैया? मिला लो सुर.”

तळ्यावरून गार वारा आला. मग सेक्रेटरींनीच उठून तानपुरा काढला. बंद करायचा ठराव कोणी मांडलाच नाही.