सिस्टर चढ चढल्या ती सकाळ

"घाबरायचं नंतर, आधी काम," असं म्हणत त्या स्वेटरच्या बाह्या कोपराच्या वर सारायच्या. कुकरचं झाकण अडकलेलं असो की कुणाच्या पोराने नाकात वाटाणा घातलेला असो, बाह्या वर गेल्या की आपण निर्धास्त व्हायचं.

तुमच्याही शेजारात अशी एक बाई असेल. आमच्या ह्या मूळच्या नागपूरच्या. वेल्समधल्या कार्डिफच्या उत्तरेला, डोंगराच्या उतारावर वसलेल्या आमच्या गावात त्या मिडवाइफ होत्या. उंची पाच फुटांच्या आत, वजन भरपूर आणि आवाज त्याहून भरपूर. सगळं गाव त्यांना सिस्टर म्हणायचं. वयाने पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या माझ्या सासूबाईही सिस्टरच म्हणायच्या. बुद्धपौर्णिमेला त्यांच्याकडून खिरीचं पातेलं यायचं आणि आमच्याकडून पुढे वेल्श शेजाऱ्यांकडे जायचं. "राइस पुडिंगच आहे, त्यांना काय नवं?" असं त्यांचं म्हणणं.

ऐंशीच्या दशकातल्या एका जानेवारीत दोन दिवस न थांबता बर्फ पडला. खिडक्या अर्ध्या बुजल्या, वीज गेली, फोन मुका झाला. सिस्टर एकट्याच राहायच्या. यजमान वारले होते आणि मुलगा साउथहॅम्प्टनला शिकत होता. पहिल्याच संध्याकाळी त्या तांदळाची पिशवी आणि आपली बॅग घेऊन आमच्या दारात हजर झाल्या. "तुमच्याकडे कोळशाची फायरप्लेस आहे, माझ्याकडे तांदूळ आहे. एकत्र राहू."

मग मी, माझा नवरा, सासूबाई, आमची अकरा वर्षांची लेक आणि सिस्टर असे पाच जण एका खोलीत राहिलो. निखाऱ्यांवर खिचडी शिजली. "आजी, आपला घर इग्लू झाली," लेक तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, तेव्हा सिस्टर इतक्या हसल्या की सासूबाईंनाही हसू आलं. त्या बिचाऱ्यांना साताऱ्याहून येऊन चारच महिने झाले होते. बर्फ पाहिल्यापासून त्यांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीवर थाप पडली. चढावरच्या शेवटच्या घरातला डेव्हिड होता, भुवयांवर बर्फ साचलेला. अर्धा मैल खाली यायला त्याला तासाहून जास्त वेळ लागला होता. त्याच्या बायकोला, ग्वेनला, तीन आठवडे आधीच कळा सुरू झाल्या होत्या. पहिल्या खेपेला तिला इतका रक्तस्राव झाला होता की ह्या वेळी हॉस्पिटलच ठरलं होतं. पण गावात येणारा रस्ताच बंद होता.

"तू निघालास तेव्हा कळा किती मिनिटांनी येत होत्या?" सिस्टरांनी विचारलं.

"दहा."

बाह्या वर गेल्या.

"सिस्टर, तुम्ही कमरेपर्यंत बुडाल," माझा नवरा म्हणाला.

"मग कमरेच्या वर मोकळीच आहे ना मी?"

एकमेकांना बांधून जावं असं ठरलं, पण घरात दोर नव्हता. मी माझी एक साडी काढली, तर सासूबाईंनी ती बाजूला सारली. "सुती नको, भिजून जड होईल. माझी नायलॉनची घ्या." त्या साडीने डेव्हिड, नवरा, सिस्टर आणि मी असे ओळीने बांधले गेलो. लेकीच्या लहानपणच्या प्लास्टिकच्या टबात सिस्टरांची बॅग आणि टॉवेल ठेवले. तो ओढायचं काम माझं. पुढचे दोघे कोळशाच्या फावड्याने आणि माझ्या कणकेच्या परातीने वाट काढत होते.

अर्ध्या चढावर सिस्टर छातीपर्यंत रुतल्या. आम्ही त्यांना ओढून काढलं.

"परत फिरायचं का?" मी हळूच विचारलं.

"भीती वाटून राहिली गं मला," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "पोचेपर्यंत कुणाला सांगू नको."

मग त्यांनी मान वर केली आणि समोरच्या घराकडे बघून हाक दिली, "गॅरेथ! तुझी दोन्ही पोरं मी आणलीत. फावडं घेऊन बाहेर ये."

गॅरेथ आला. त्यापुढे प्रत्येक दारासमोर तेच. कुणाची मुलगी, कुणाचा नातू, कुणाची जुळी. सिस्टरांना सगळी बाळं तोंडपाठ होती. वळणापर्यंत पोचलो तेव्हा डझनभर माणसं बर्फ उपसत होती, आणि सिस्टर त्यांच्यामागून चालत होत्या.

ग्वेन शेकोटीपुढे गादीवर होती. पाऊण तासात मुलगी झाली, झाल्याबरोबर रडली. आणि मग ज्याची धास्ती होती ते सुरू झालं. टॉवेल लाल होत गेले. सिस्टरांनी इंजेक्शन दिलं आणि ग्वेनच्या पोटावर हात दाबून धरला. मी गरम पाण्याच्या पिशवीशी बाळ घेऊन बसले होते. वीस मिनिटं तरी त्यांनी तो हात उचलला नाही. तोंडाने मात्र ग्वेनशी बाळाच्या नाकाबद्दल गप्पा चालल्या होत्या. रक्त थांबलं. दोन तास त्या तिच्याजवळून हलल्या नाहीत, मग चहा मागितला आणि चार टोस्ट खाल्ले.

नव्वदच्या दशकात सिस्टर निवृत्त होऊन मुलाकडे मिल्टन कीन्सला गेल्या. तिथेच एका वसंतात त्या गेल्या. त्यांच्या घरात आता दुसरं कुटुंब राहतं. मला मात्र त्या दिसतात त्या चढ उतरतानाच.

आम्ही आत असताना गावाने वाट खालपर्यंत मोकळी केली होती. दोन्ही बाजूंना सिस्टरांच्या खांद्याएवढ्या बर्फाच्या भिंती. माणसं फावड्यांवर रेलून उभी होती. मुलगी झाली, दोघी ठीक आहेत, हे डेव्हिडने आधीच ओरडून सांगितलं होतं. एका म्हाताऱ्या खाणकामगाराने टोपी काढली, मग सगळ्यांनीच काढल्या.

"टोप्या घाला, कान गोठतील," सिस्टर रागावल्या आणि माझ्या नवऱ्याच्या, त्यांना गुडघ्याच्या वर येणाऱ्या रबरी वेलिंग्टन बुटांत डुलत पुढे चालत राहिल्या.

आमच्या फाटकाबाहेर, भर बर्फात, मोज्यांवर चपला घालून सासूबाई उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पोळीचा तुकडा. सिस्टरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण त्या थांबल्या, हातमोजे काढले आणि सासूबाईंनी तुकडा ओवाळून टाकेपर्यंत मान किंचित खाली करून उभ्या राहिल्या.