माझ्या रक्तातलं शिसं आणि त्यांचं ‘निरंक’

"तुम्हाला लेड पॉयझनिंग झालंय. म्हणजे शिशाची विषबाधा," डॉ. गौरी म्हणाल्या. रिपोर्ट त्यांनी माझ्याकडे वळवून धरला आणि एका आकड्यावर पेन टेकवलं. "हे आठ-पंधरा दिवसांत झालेलं नाही. वर्षानुवर्षं साठलंय."

नागपूरच्या सरकारी दवाखान्यातली मेडिसिनची ओपीडी होती. मागं रांग होती, माझ्या खांद्याला कोणाची तरी एक्स-रेची पिशवी लागत होती. माझी बायको माधुरी शेजारी उभी होती. तिला पहिल्यांदा हायसं वाटलं, कारण आम्ही दोघंही कॅन्सरच्या भीतीनं आलो होतो.

आठवड्याआधी याच टेबलाशी डॉ. गौरींनी मला आ करायला लावलं होतं. टॉर्च मारून खालची हिरडी पाहिली. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती. ती मी रोज आरशात पाहायचो आणि वाटायचं, तंबाखू-सुपारीच्या खर्‍याचा डाग असेल. त्यांनी माझं रक्त काचेवर पसरवून तपासायला लावलं होतं. त्याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात. तांबड्या पेशींवर बारीक निळे ठिपके दिसले होते. मग त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही काम काय करता?"

चौदा महिने मी आजारी होतो. हा प्रश्न मला पहिल्यांदाच कोणी विचारला.

मी बॅटरीच्या कारखान्यात एकोणीस वर्षं आहे. प्लेट सेक्शनचा सुपरवायझर. शिसं वितळवून जाळ्या ओततात, त्यांवर शिशाच्या पुडीचा लेप देतात, सुकल्यावर कडा घासतात. घासताना करडी धूळ उडते. ती पापण्यांवर बसते, डब्याच्या झाकणावर बसते. सुटी होताना आम्हाला प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गुळानं शिसं उतरतं, असं सगळेच मानायचे. मीही नव्या पोरांना तेच सांगितलं.

आजार सुरू झाला तो पोटाच्या कळेनं. नाभीभोवती पिळा पडायचा, तो सुटायला अर्धा तास लागायचा. शौचाला चार-चार दिवस होत नव्हतं. तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव. आमच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी गॅस म्हटलं. दुसर्‍यांनी अल्सर म्हटलं, मग एंडोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर बघतात. काही निघालं नाही. एका सर्जननं पित्ताशय काढायची तारीखसुद्धा दिली होती. सांधे दुखायचे, झोप यायची नाही, साध्या गोष्टीवरून मी माधुरीवर ओरडायचो. तिनं एकदा विचारलं, "तुम्हाले काय होऊन राह्यलं? तुम्ही असे नव्हते."

शिशाची शंका मला कशी आली नाही, असं आता लोक विचारतात. कारण सोपं आहे. आमचं रक्त दर सहा महिन्यांनी तपासलं जायचं.

कंपनीचे डॉक्टर मोघे गुरुवारी यायचे. मी सेक्शनच्या माणसांची रांग लावायचो, नावं वाचायचो, कोणी सुईला घाबरला तर त्याचा दंड धरायचो. पंधरा दिवसांनी कार्ड परत यायचं. त्यावर आकडा नसायचा, एकच शिक्का असायचा, ‘फिट’. माझ्या कार्डावर अशा शिक्क्यांची ओळ होती. माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा हेच मोघे डॉक्टर रोज संध्याकाळी स्कूटरनं घरी येऊन तिला सलाइन लावून जायचे. सतरा दिवस आले. चहासुद्धा उभ्यानं प्यायचे. आमच्या घरात देवानंतर त्यांचं नाव होतं. ते ‘फिट’ म्हणाले, तर मी फिट होतो.

डॉ. गौरींनी माधुरीला आणि आमच्या मुलीलाही तपासणीला बोलावलं. मी कामाचे कपडे घरी आणायचो, ती हातानं धुवायची. तिच्या रक्तात शिसं निघालं. मुलीच्या रक्तातही थोडं निघालं. डॉक्टर म्हणाल्या, घाबरण्याइतकं नाही, औषधही लागणार नाही, पण लेकराच्या रक्तात ते असायलाच नको.

जिन्यात माधुरी माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुमचे कपडे पोरीच्या फ्राकांसोबत भिजवले. पाच वर्षं."

मला दवाखान्यात भरती केलं. चिलेशन नावाचा उपचार होतो. औषध रक्तातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. औषध नागपुरात लगेच मिळालं नाही, चार दिवस वाट पाहावी लागली. लघवी मोठ्या बाटलीत जमा करायची, रोज रक्त द्यायचं, किडनीवर लक्ष ठेवायचं. शेजारच्या पलंगावर एक म्हातारे होते, ते रोज विचारायचे, "किती निघालं गा?" जणू मी विहीर खणत होतो. औषध सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी पोटातला पिळा सुटला. चौदा महिन्यांनी मी पोटभर वरण-भात खाल्ला आणि मला रडू आलं.

पण डॉ. गौरींनी आधीच बजावलं होतं. शिसं हाडांत जाऊन बसतं. रक्तातलं काढलं की हाडांतलं पुन्हा रक्तात उतरतं. "खरा उपचार एकच, त्या धुळीत परत न जाणं," असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझे जुने आकडे मागितले. किती वर्षांपासून वाढतंय ते त्यांना बघायचं होतं.

ते आकडे मोघे डॉक्टरांकडे असणार, म्हणून दवाखान्यातून सुटी झाल्यावर मी धरमपेठेत त्यांच्या घरी गेलो. खरं सांगतो, तोवर माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही नव्हतं. कंपनीच्या लॅबची चूक असेल, हेच धरून चाललो होतो.

मोघेकाकूंनी लिंबाचं सरबत दिलं, मुलीची चौकशी केली. मी दवाखान्याचा कागद पुढं ठेवला. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचला आणि परत माझ्याकडे सरकवला. त्यांना जराही धक्का बसला नव्हता. तेव्हा मला कळलं.

"तुम्हाले माहीत होतं," मी म्हणालो.

त्यांनी नाही म्हटलं नाही. माझा आकडा चार वर्षांपासून जास्त होता. दर वेळी त्यांनी तो ऑफिसला कळवला होता, मला प्लेट सेक्शनमधून हलवा असंही दोनदा तोंडी सांगितलं होतं. ऑफिसचं म्हणणं पडलं की अनुभवी माणूस आहे, सध्या हलवता येणार नाही. शिक्का ऑफिसच मारायचं, ते फक्त सही करायचे. हे सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं, पेशंटला पथ्य सांगावं तसं.

"मग मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं, प्रकाश? आई अंथरुणाला, मुलगी लहान. नोकरी सोडली असतीस?"

"ते मी ठरवलं असतं ना, डॉक्टरसाहेब."

मी सरबत तसंच ठेवून उठलो. दाराशी काकू म्हणाल्या, आईच्या वेळी किती धावपळ केली होती यांनी. मी हो म्हणालो. ते खोटं नव्हतंच. त्या सतरा दिवसांतल्या माणसाचं आणि या माणसाचं काय करायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शत्रूनं हे केलं असतं तर सोपं गेलं असतं.

डॉ. गौरींना सांगितलं तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला. शिशाची विषबाधा हा नोटिफायेबल आजार आहे. म्हणजे कामामुळं तो झाल्याचं दिसलं की कारखान्यानं आणि डॉक्टरनं सरकारी कारखाना निरीक्षकाला कळवायचाच असतो, तसा कायदा आहे. एकाची नोंद झाली की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांना शोधता येतं. त्यांना त्यांच्या एका वरिष्ठांनी सांगून पाहिलं होतं, कशाला लफड्यात पडता, पेशंट बरा झाला ना. त्यांनी फॉर्म भरला, सही केली, एक प्रत मला दिली.

ती प्रत घेऊन मी निरीक्षकांच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी कागद वरखाली करून पाहिला. मग कपाटातून आमच्या कारखान्याची फाइल काढली आणि दर वर्षाची विवरणं माझ्यापुढं उलटली. ‘कामामुळे झालेले आजार’ असा एक रकाना होता. त्यात एकच शब्द होता, ‘निरंक’, म्हणजे एकही नाही. पुढच्या वर्षी निरंक. त्याच्या पुढच्या वर्षीही निरंक. टाइप केलेला, खाली मॅनेजरची सही.

"कारखान्यानंच काही कळवलं नाही, तर आम्हाले कसं कळणार?" बाबू म्हणाले. त्यांचा आवाज उर्मट नव्हता. "तुमचा हा पहिला कागद हाये."

पहिला, हा शब्द ऐकला आणि मला शालिक आठवला.

शालिक माझ्या सेक्शनला कडा घासायचा. तीन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात मनगटातून लोंबायला लागला. पंजा वर उचलताच यायचा नाही, प्लेटा पडायच्या. मोघे डॉक्टर म्हणाले, दारूनं नसा गेल्या. शालिक म्हणायचा, मी थेंब घेत नाही. कोणी मानलं नाही. मीही नाही मानलं. जेवणाच्या सुटीत, दहा माणसांसमोर, मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, "सोडून दे ना गा आता, पोरंबाळं हायेत." त्यानं माझा हात झटकला नाही. पुढच्या महिन्यात काम सोडून काटोलकडं आपल्या गावी निघून गेला.

लोंबणार्‍या मनगटाला रिस्ट ड्रॉप म्हणतात. शिशानं हाताच्या नसा जातात, तेव्हा असंच होतं. हे मला डॉ. गौरींनी माझी मनगटं तपासताना सांगितलं होतं. माझी शाबूत होती.

एका रविवारी मी शालिकच्या गावी गेलो. तो अंगणात बसून डाव्या हातानं शेंगा फोडत होता. उजव्या हाताची दोन बोटं अजून वळलेलीच होती. मी त्याच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. माझं रक्त, मोघे डॉक्टर, ते निरंक. माझं चुकलं, असंही म्हणालो. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मले नको सांगू," तो म्हणाला. "मले माहीतच होतं मी पेत नाही. तिले सांग."

त्याची बायको रंजना दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सांगून झालं तरी ती त्याच्या वळलेल्या बोटांकडेच बघत होती.

"रोज संध्याकाळी मी यायच्या तोंडाचा वास घेतला, भाऊ," ती म्हणाली. "कधीच नाही आला. तरी मी लोकायचंच ऐकलं."

हे लिहितोय ते मुख्यतः बॅटरी, रंग, भट्टी, क्रशर, अशा ठिकाणी राबणार्‍यांसाठी. दवाखान्यात गेलात की दुखणं सांगायच्या आधी काम सांगा. डॉक्टरनं विचारलं नाही तरी सांगा. तुमचं रक्त कोणी घेतलं तर आकडा कागदावर मागा, शिक्क्यावर समाधान मानू नका. आणि ज्यानं तुमच्यावर कधीकाळी उपकार केले, त्याच्याकडेही मागा. मी एवढंच केलं नाही.

माझ्या कागदानंतर निरीक्षक कारखान्यात आले. बाहेरच्या लॅबकडून सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं. सात जणांना प्लेट सेक्शनमधून काढून दुसरीकडं लावलं. धूळ ओढून घेणारी यंत्रं बसली, अंघोळीची सोय झाली, कपडे आता तिथंच धुतात. मला डिस्पॅचला बसवलंय. तिथले साहेब लोक माझ्याशी कामापुरतं बोलतात. मोघे डॉक्टर गुरुवारी येत नाहीत. कारखान्यानं लेखी उत्तर दिलंय की पूर्वीच्या तपासण्यांत काही आढळलं नव्हतं, आणि त्या उत्तराला जुनी कार्डं जोडली आहेत. माझंही जोडलंय. माझा आकडा उतरतो, पुन्हा थोडा चढतो. दर तीन महिन्यांनी मी रक्त देतो आणि आकडा स्वतः वहीत लिहितो. मुलीचा उतरत चाललाय. डॉ. गौरींचे आभार मानायला मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा रांग इतकी होती की हात जोडूनच परत आलो.

त्याच्या गावी जाऊन आलो त्याच आठवड्यात मी शालिकला डॉ. गौरींकडे नेलं. रक्तात आता फारसं सापडणार नाही, काम सोडून तीन वर्षं झाली, असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. पण कामाचा इतिहास आणि हात पाहून संशयित म्हणून नोंद करता येते. त्यांनी फॉर्म घेतला. नाव, वय, काम. मग सवयींच्या ओळीवर आल्या आणि शालिककडे बघून विचारलं, "दारू?"

शालिक बोलायच्या आत रंजना पुढं झाली.

"नाही, मॅडम," ती म्हणाली. "कधीच नाही. तसं लिहा."