बायडाबाईची कोरफड

निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत उभा जन्म काढलेले मायाप्पा बायको बायडाबाई गेल्यावर बेळगावला लेकीकडं राहायला आले. लेक पारमिता कॉलेजात शिकवायची. कपड्यांची पिशवी तिनं उचलली. मायाप्पांनी मात्र बायडाबाईची कोरफडीची कुंडी बसमध्ये मांडीवरनं खाली ठेवली नाही.

बायडाबाई ह्या कोरफडीची काय निगा राखायची, ते त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. कुणाला भाजलं की ती एक पान तोडून गर लावायची, एवढंच ठाऊक. त्यांनी आपलं रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतायला सुरुवात केली. पानं पिवळी पडून लिबलिबीत झाली. ऊन कमी पडत असेल म्हणून कुंडी गच्चीवर नेली, तर पानं तांबूस झाली. शेजारचा गुंडू म्हणाला, "पाणीच बंद करा."

मायाप्पा चक्रावले. "जीव लावायचा म्हंजे पाणी घालायचंच न्हवं?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आप्पा, हिला लई पाणी सोसत न्हाय."

"मग तुझी आई कसं करायची?"

पारमितालाही ते ठाऊक नव्हतं.

एके दिवशी झाड बुडातनंच कलंडलं. उपसून बघतात तर मूळ कुजून काळं पडलेलं. पण कुंडीच्या कडेला बोटाएवढी पिलं फुटली होती. ती त्यांनी परसात भिंतीच्या कडेनं लावली, पाणी बेतानं घातलं. पिलं तरारली.

आणि मग नवाच घोळ. ह्यातली बायडाबाईची कंची? सगळीच तिची, का आता एकबी न्हाय?

समोरच्या पूर्णिमानं एक रोप मागितलं. नाही म्हणवेना, द्यायला जीव धजेना. त्यांनी एक उपटलं, परत लावलं, दुसरं उपटून दिलं. दुपारभर चैन पडेना, तेव्हा तिच्या दारात जाऊन उभे राहिले.

"काय काका?"

"न्हाय... दिलं ते बरोबर दिलं का, बघाय आलतो."

पूर्णिमाला काही उमजेना. बिचारी रोप परत द्यायला निघाली.

"र्‍हाऊ दे गं. आमच्या बायकोचं हाय. म्हंजे... असंल."

तिनं त्यांना बसवलं, चहा पुढं केला. "कशा होत्या काकू?"

एवढा संसार झाला, पण हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. मायाप्पांनी चहा बशीत ओतला.

"लई भांडायची," ते म्हणाले, आणि तोंडातनं नेमकं हेच कसं आलं, ते त्यांना कळेना.