भाऊंनी तपासलेली गाणी

घाटमाथ्यापासून सोमाटण्याच्या फाट्यापर्यंत शोधलं तरी माझ्या थोरल्या साडूंइतका मनापासून घाबरणारा माणूस सापडायचा नाही. घाबरट माणसं पुष्कळ असतात, पण ती भीती लपवतात, तिची लाज बाळगतात. आमचे भाऊ मात्र भीतीकडे एक जबाबदारीचं काम म्हणून बघतात. त्यात त्यांचा दोष थोडा, नोकरीचा जास्त. तळेगावच्या एका कारखान्यात ते सेफ्टीचे सुपरवायझर होते. कुठं काय वाईट होऊ शकतं याचा सकाळपासून संध्याकाळपर्यंत विचार करायचा, हेच त्यांचं काम. निवृत्त होऊन ते कामशेतच्या घरी आले तेव्हा कारखाना मागं राहिला, विचार तेवढा बरोबर आला. घराच्या पायऱ्यांच्या कडांना त्यांनी पिवळा पट्टा मारला, गॅसच्या शेगडीजवळ वाळूची लाल बादली टांगली. घरी मासे असले की पाहुण्याला पहिला घास घेऊ देण्याआधी, काटा अडकला तर पाठीत नेमकी कुठं थाप मारायची हे ते करून दाखवत, आणि ते पाहूनच निम्म्या लोकांना ठसका लागे. एकदा ते आमच्या लोणावळ्यातल्या तुंगार्लीच्या घरी राहायला आले. वर तलावाचा बांध आहे हे कळताच पुढ्यातला चहा तसाच ठेवून बाहेर पडले ते थेट बांध बघून परत आले. "बांध ठीक हाय," गार झालेला चहा पीत ते म्हणाले, "पर पाव्हणं, तुमी आपलं वरच्या खोलीत निजत जा."

अशा माणसाच्या गळ्यात दैवाने माझ्या बायकोची थोरली बहीण बांधली होती. अक्का कशालाच भ्यायची नाही. भाताच्या कणगीमागे शिरलेली धामण तिने शेपटीला धरून बाहेर काढली आणि बांधावर सोडून दिली, तेव्हा भाऊ ओट्यावर उभे राहून तिला सूचना देत होते. ती ट्रॅक्टर मागे घ्यायची तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे. सगळा संसार असा चालला होता, की भिण्याचं खातं भाऊंकडे आणि बाकीचं सगळं अक्काकडे. त्यामुळे अक्काच्या किडन्यांनी काम सोडलं तेव्हा आम्हा सगळ्यांनाच वाटलं, की आता सांभाळायचं ते भाऊंना. अक्का काय, डॉक्टर सांगतील ते करून मोकळी होईल.

सोमाटण्याजवळच्या एका दवाखान्यात तिचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा जायचं, हातात जाड सुया टोचून घ्यायच्या आणि अर्धा दिवस मशीनशेजारी पडून राहायचं. पहिल्याच दिवशी तिच्या बाजूच्या खाटेवरच्या बाईंचा रक्तदाब एकाएकी उतरला. मशीन ओरडायला लागलं, नर्स धावल्या, पडदा ओढला गेला. पडद्याआड काय झालं ते अक्काला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं. थोड्या वेळाने त्या बाईंना स्ट्रेचरवरून बाहेर नेलं. अक्का घरी आली, हातपाय धुतले आणि म्हणाली, "मी परत तितं जायाची न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊ आमच्या फाटकात उभे. एकटे लोणावळ्यापर्यंत आले होते, यावरूनच मी काय ते ओळखायला हवं होतं. ते आत येऊन बसले, उठले, पुन्हा बसले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तिला भ्या वाटाय लागलंय."

मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "तसं न्हाई. मला भ्याची सगळी जात ठावं हाय. ही खोटी न्हाई. ती न्हाई गेली तर काय व्हतं, ते डाक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलंय."

ते काय होतं, हे मलाही माहीत होतं.

अक्काला त्या मशीनच्या आवाजाची भीती बसली होती. कानात दुसरं काही असेल तर तो आवाज येणार नाही, असं भाऊंनी रात्रभर विचार करून काढलं होतं. मी म्हटलं, मग फोनवर गाणी लावू की. पण फोन त्यांना चालणार नव्हता. अख्ख्या मावळातले नातेवाईक त्यावर तब्येत विचारत, आणि प्रत्येक जण आपल्या ओळखीतला कोण कसा गेला ते सांगितल्याशिवाय फोन ठेवत नसे. शिवाय फोन कानाला लावला की बँकेतलं सगळं जातं, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांना हवा होता तो पूर्वी मिळायचा तसा, काडेपेटीएवढा, फक्त गाणी वाजवणारा प्लेअर. तो आता नवा कुठं मिळणार? लोणावळ्याच्या बाजारात जुन्या वस्तू दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानात, घड्याळांच्या आणि रिमोटच्या ढिगाखाली आम्हाला एक सापडला. कडेला पोचा होता, पण चालत होता. भाऊंनी तो नाकाशी नेऊन जळका वास येतो का ते पाहिलं, मग दुकानदाराला विचारलं, "ह्याचा आधीचा मालक हयात हाय का?" दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी प्लेअर घेतला आणि भाऊंना बाहेर काढलं.

जुनी बॅटरी चार्ज होताना फुगते, कधी पेट घेते, हे भाऊंना नोकरीपासून ठाऊक. म्हणून कामशेतला त्याचं चार्जिंग अंगणात झालं. फरशीवर स्टीलचं ताट, ताटात प्लेअर, शेजारी ती लाल बादली, आणि हातभर अंतरावर खुर्ची टाकून भाऊ. अक्का आतून बघत होती. एरवी ती खदखदून हसली असती. त्या दिवशी तिने फक्त विचारलं, "काय चाललंय?" आणि उत्तराची वाट न बघता आत वळली. तिचं ते न हसणं मला त्या आजारापेक्षा जास्त भिववून गेलं.

मग मी तो प्लेअर लॅपटॉपला जोडला. पडद्यावर प्रश्न आला, की आधीचं सगळं पुसायचं का. भाऊंनी माझा हात धरला. आधीच्या माणसाचं काही महत्त्वाचं असलं तर? म्हणून आधी सगळं ऐकणं आलं. आत निघाली व्यायामशाळेत लावतात तसली धडधड वाजणारी गाणी. भाऊंनी ती कान देऊन, कपाळाला आठ्या घालून ऐकली आणि शेवटी सुटल्यासारखे म्हणाले, "पुसा. माणूस धडधाकट दिसतुय."

खरी परीक्षा पुढे होती. माझ्याकडच्या जुन्या सीड्यांची शेकडो गाणी लॅपटॉपवर होती. ती सरसकट भरून टाकावी, असा माझा विचार. पण भाऊंनी एकेक गाणं तपासायला घेतलं, आणि कारखान्यात क्रेनची साखळी तपासावी तसं तपासलं. ज्यात नाव होती ते बाद, कारण नाव बुडते. ज्योत बाद, कारण विझते. सांजवेळ, पैलतीर, परतीची वाट, पिकलं पान, सगळं बाद. विरहाची तर सगळीच गेली. भजनांचा मला भरवसा होता, पण तिथं तर ओळीओळीला देह पडत होता. लावणीने रक्तदाब वाढेल. सनई चालेल, पण ती लेकीला सासरी धाडतानाची नको. आरती बरी चालली होती, तिच्यात संकट आलं आणि भाऊंनी मान हलवली. "अहो, त्या संकटातून देव सोडवतोय ना?" मी म्हटलं. "सोडवतुय," ते म्हणाले, "पर आदी त्ये येतंय."

शेवटी उरली ती बडबडगीतं, एक दिवाळीतल्या फराळाचं गाणं आणि थोडं बासरीवादन. तेही द्रुत लयीतलं वगळून.

अक्काला गाडीत बसवायला माझ्या बायकोला अर्धा तास लागला. दवाखान्यात सुया टोचून झाल्या, मशीन फिरू लागलं. भाऊंनी तिच्या कानात इअरफोन बसवले, बटण दाबलं आणि निकालाची वाट बघत उभे राहिले. अक्का डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळाने तिने मोकळ्या हाताने एक इअरफोन काढला आणि मला विचारलं,

"दाजी, ही पोराटोरांची गाणी कुणी भरली?"

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊ फरशीकडे बघत होते.

"मला भ्या वाटतंय म्हणून मला अंगणवाडीत बसवता व्हय?" ती त्यांना म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिचाच होता. "आमची आय दळताना म्हणायची तसली न्हाईत का? रडवणारी?"

"व्हती," भाऊ म्हणाले. "मी काढली. तुला रडू आलं असतं."

"येऊ दे की. हात बांधलाय माजा, डोळं न्हाईत बांधलं."

तेवढ्यात तिचंच मशीन ओरडलं. तोच आवाज, तांबडा दिवा लागलेला. अक्काने चादर मुठीत धरली. तिचा चेहरा पांढरा पडला. भाऊ दाराकडे धावणार, हे मला ठाऊक होतं. ते एक पाऊल दाराकडे सरकलेही. पण नर्स आधीच येत होती आणि अक्का म्हणाली, "अहो, जाऊ नका."

ते थांबले. स्टूल ओढून तिच्याजवळ बसले.

"तुमी जलमभर भ्यालात," ती घाईघाईने म्हणाली. "तवा काय करता तुमी? मला सांगा."

भाऊंनी जरा विचार केला. "मी तुज्याकडं बघतो," ते म्हणाले. "तुला काय वाटल्यालं दिसत न्हाई. मंग माजं कमी व्हतं."

नर्सने नळीला पडलेली घडी सरळ केली आणि बटण दाबलं. आवाज बंद झाला. एवढंच झालं होतं. अक्का बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. भाऊंनी स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती, पण ते तिथून हलले नाहीत.

"लय भित्रं ध्यान हाय," ती शेवटी मला म्हणाली, आणि मूठ सोडली.

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा गाणी भरायला बसलो. भाऊंनी काढलेली सगळी परत घातली, पण तपासल्याशिवाय नाही. नाव, ज्योत, पैलतीर, प्रत्येक गाणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मधेच उठून अंगणात जात, नाक शिंकरून परत येत आणि म्हणत, "हे घ्या. हे लय वाईट हाय. तिला आवडंल."

अक्का अजून जाते. हे काही बरं होऊन संपणारं दुखणं नाही, हे आता आम्हा सगळ्यांनाच कळलंय. तिला सुयांची भीती वाटते, आवाजाचीही वाटते. ती तसं सांगते आणि जाते. बाजूच्या खाटेवरच्या त्या बाई नंतर आल्या नाहीत. अक्काने त्यांची चौकशी कधी केली नाही. भाऊंनी केली असावी, कारण एकदा दवाखान्यातून येताच ते पायऱ्यांच्या पिवळ्या पट्ट्यांवर पुन्हा रंग द्यायला बसले.

परवा मी त्यांना दवाखान्यातून घरी आणत होतो. ऊन उतरलं होतं. वडगाव मागं पडलं आणि मागच्या सीटवर अक्काला झोप लागली. तिच्या एका कानातून इअरफोन गळून पडला होता. शेजारी बसलेल्या भाऊंनी तो उचलला, शर्टाला पुसला आणि आपल्या कानात घातला. दोघांच्या मधे ती बारीक वायर. कामशेत जवळ आलं तशी मागून हाक आली.

"पाव्हणं, जरा हळू घ्या."

"भाऊ, चाळीसच्या वर नाही हो," मी म्हटलं.

"त्यासाठी न्हाई," ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. "गाणं संपाय येळ हाय. घर आदी यायचं."

मी गाडी डाव्या कडेला घेतली आणि वेग आणखी कमी केला.