रिकाम्या आभाळाची वजाबाकी

नव्वदच्या दशकात मी डोंबिवलीत राहून न दिसणारे क्वेसार शोधत होते. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या पोटातलं अतिशय तेजस्वी केंद्र. धुळीनं झाकलं की साध्या दुर्बिणीला ते दिसत नाही. पण धूळ तापते आणि अवरक्त प्रकाशात त्याचा सुगावा लागतो, राखेखालचा निखारा तळहाताला कळतो तसा. एमआयडीसीच्या धुरातून आमच्याकडे चांदण्याच धड दिसत नसत, त्यामुळे हे काम मला फारसं परकं वाटलं नाही.

एका उपग्रहाला आकाशात एके ठिकाणी उष्णता जाणवली होती. जागा ढोबळच कळली होती. तिथली ठळक दीर्घिका आमच्या संशोधन गटानं डोंगरावरच्या दुर्बिणीतून टिपली. हाती काही लागलं नाही. शिष्यवृत्ती संपत आलेली. बाबा रंगाच्या कारखान्यातून खोकला घेऊन निवृत्त झालेले. कल्याणच्या एका कॉलेजात मला नोकरी मिळत होती आणि सोमवारी होकार द्यायचा होता. म्हणजे संशोधन संपलं. वाईट वाटत होतं, पण रडण्याइतकं नाही.

शनिवारी दुपारी मी प्रिंटआउट जमिनीवर पसरून बसले. अवरक्त प्रकाशात आभाळही उजळलेलं असतं, म्हणून शेजारच्या रिकाम्या आभाळाचं चित्र घेऊन ते वजा करतात. वजाबाकीनंतर प्रत्येक चित्रात एक काळा ठिपका उरला होता. कॅमेऱ्याचा दोष, असं आम्ही सगळ्यांनी धरलेलं. पण दोष जागचा हलत नाही. दुर्बीण जराशी सरकवली की ताऱ्यांबरोबर हाही सरकत होता. म्हणजे वजा केलेल्या आभाळातच काहीतरी तेजस्वी होतं, आणि वजाबाकीत त्याचा काळा ठिपका झाला होता.

ती शेजारची जागा रिकामी आहे, हे आम्ही साध्या फोटोवरून ठरवलं होतं. निघालो धुळीत लपलेलं शोधायला, आणि दिसत नाही म्हणून जागा रिकामी धरली! शहाणेच की आम्ही. मी एकटीच मोठ्यानं हसले. तो क्वेसारच होता, हे पुढे वर्णपटानं पक्कं झालं. त्या दुपारी नुसता अंदाज होता.

बाबा दारात आले. "काय गं, काय झालं?"

"सापडला, बाबा. आम्हीच वजा करून टाकलेला."

"नक्की?"

"नक्की सांगायला वर्ष तरी जाईल."

ते खोकले, पाणी प्यायले. "मग कॉलेजला नाही म्हणून सांग."

सोमवारी प्राचार्यांनी कारण विचारलं. क्वेसारपासून कुठे सुरुवात करणार? "घरची अडचण आहे," एवढंच मी म्हणाले. ती अडचण बाबांनी स्वतःकडे घेतली होती. पुढच्या महिन्यापासून ते डबा घेऊन पुन्हा त्याच कारखान्यात जाऊ लागले.